निळ्या कागदाचा कोपरा

बांगलादेशची लढाई संपून महिना झाला होता, तेव्हा भोगीच्या सकाळी मी एका जिवंत माणसाच्या घरी त्याच्या मरणाची बातमी टपालाने पोचवली. चुकून. पण 'चुकून' हा शब्द मी नंतर लावला. पाठवताना मी चांगला शीळ घालत टपालपेटीपर्यंत गेलो होतो.

गेल्या थंडीत भाचीच्या लग्नासाठी जबलपूरला गेलो आणि एका सकाळी कोणाला न सांगता रिक्षा करून कांचघरला उतरलो. आमची गल्ली सापडेना. घरं उंच झालीत, दारांना लोखंडी जाळ्या आल्यात. मग कुठूनशी सिगडी पेटवल्याचा वास आला. ओला दगडी कोळसा, त्याच्यावर ओतलेलं घासलेट, आणि खालून पंख्याने हाणलेल्या राखेची ती घसा खवखवणारी गोडी. त्या वासाचं बोट धरून मी वळलो, तर बरोबर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. माणसं बदली होऊन जातात. वासांना बदलीची ऑर्डर येत नाही.

त्या वर्षांत आमचा दिवस लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या भोंग्याने उजाडायचा. भोंगा वाजला की धुक्यातून सायकलींचा पूर यायचा. माकडटोप्या, मफलर, हँडलला लटकलेले डबे, आणि घंट्या अशा की देवळात काकडआरती चालली असावी. लढाई लागली तसा ओव्हरटाइम सुरू झाला. बाबा घरी कधी यायचे ते फक्त त्यांच्या बुटांना ठाऊक. खिडक्यांना खाकी कागद चिकटवलेले, दिव्याला पत्र्याची टोपी. लढाई थांबली तरी ते कागद कोणी काढले नव्हते. काहीजण म्हणत, राहू द्या, थंडी अडते. घरोघरी बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, आणि खाकी लोकरीचे गुंडे मांजराच्या पिल्लांसारखे पलंगाखाली घरंगळत असायचे.

आणि मी? मी फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने पेन्सिलीने मारलेल्या रेघेवर पारदर्शक कागद ठेवून शाईने तीच रेघ मारणारा. आपली अशी एक रेघ मारायची सोय नाही. पण बाविसाव्या वर्षी माणसाची समजूत कोणी काढावी? मी स्वतःला चित्रकार समजत होतो. नुसता नव्हे, देशाच्या संरक्षणासाठी आपली कला तात्पुरती बाजूला ठेवलेला चित्रकार.

निळा रंग माझा लाडका. हे वेड लहानपणापासूनचं. शाळेत असताना आईच्या निळीच्या बादलीत शेजाऱ्यांची पांढरी बकरी बुडवून काढली होती. बकरी सुंदर दिसत होती. मला मात्र चार दिवस धड बसता येत नव्हतं. पुढे निळा शर्ट, निळी शाई, निळा मफलर. आईने एकदा म्हटलंही, "बाप्पा, सुनबाई तरी माणसाच्या रंगाची आणजो रे."

त्या हिवाळ्यात ऑफिसातली जुनी कपाटं रिकामी झाली. पूर्वी नकाशांच्या प्रती फेरो कागदावर निघत, उन्हात धरून. आता मशीन आलं होतं आणि त्या कागदाची उरलीसुरली गुंडाळी पत्र्याच्या नळकांड्यात पडून होती. मी बडे बाबूंना विचारलं. ते म्हणाले, "ले जाओ भैया, चूहे भी नहीं खाते इसको." गेटावर त्यांची चिठ्ठी दाखवून ते नळकांडं मी सायकलला बांधून घरी आणलं, वरातीत घोड्यावरून आणावं तसं.

फेरो कागदाची जादू मी आजवर विसरलो नाही. अंधारातून काढला तेव्हा तो पिवळट, कच्च्या पेरूसारखा. त्याच्यावर एखादं पान ठेवायचं, वर काच, आणि उन्हात धरायचं. जबलपूरचं पौषातलं ऊन, कोवळं पण खरं. बघता बघता कागद राखाडी पडतो. मग बादलीत बुडवला की पाण्यातल्या पाण्यात निळा उगवतो. सांगतोय काय, उगवतोच. नर्मदेच्या डोहाचा, पहाटे साडेपाचच्या आभाळाचा निळा, आणि त्याच्यात पानाची पांढरी सावली, शीर न् शीर. मिनिटांचं काम. ना कुंचला, ना रंग, ना अंगात कला. माझ्यासारख्याला याहून सोयीचं काय असणार?

मी ठरवलं, यंदा संक्रांतीची भेटकार्डं घरची. आमच्याकडे विदर्भातल्या नातेवाइकांची छापील कार्डं यायची, पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेली. पाकीट फोडून कोपऱ्यातला तो दाणा जिभेवर ठेवला की शाईचा, डिंकाचा आणि साखरेचा वास एकदम यायचा. तसं काहीतरी आपल्या गल्लीला द्यावं. गल्ली सगळी हिंदी. त्यांना ही रीत माहीत नाही. म्हणजे कौतुक दुप्पट.

देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीची काच काढून मी गच्चीवर बसलो. आई वर आली.

"काहून रे, काय करून राहिला? देवाला थंडी वाजून राहिली तिकडं."

"आई, कार्डं करतोय. कला आहे ही."

"कला कर ना बा. पण तिळाचा डबा काहून आणला वर?"

"कागदावर तीळ ठेवले की चांदण्या उमटतात."

आईने एक कार्ड उचलून उन्हात धरलं. मला आठवतं, तिच्या हातांना गुळाच्या पाकाचा वास येत होता. "मस्त झालं," ती म्हणाली. मग डबा उचलून खाली घेऊन गेली. मुठीत सापडले तेवढे तीळ माझ्या वाट्याला उरले.

प्रत्येक कार्डावर एकेक शुभेच्छा. मोठ्या शुभेच्छा सरकार देतंच, मी लहान लहान लिहिल्या, गल्लीसाठी हिंदीत. थंडीतल्या. शेजारच्या काकांना : 'यंदा कोळसा कोरडा मिळो.' वरच्या मजल्यावरच्या मावशींना : 'टाचा न फुटोत.' बाबांना : 'एक रविवार झोपायला मिळो.' ट्रेसिंगच्या कपट्यावर काळ्या शाईने लिहायचं, तो कपटा कागदावर ठेवायचा, की निळ्यात पांढरी अक्षरं. इथे माझ्यातला ट्रेसर उसळला. नकाशातल्या अक्षरांसारखी, खसखशीएवढी अक्षरं काढली. वाचणाऱ्याने भिंग आणावं, आणि आणून थक्क व्हावं.

शेवटचं कार्ड भाभीसाठी.

भाभी आमच्या समोर, तळमजल्याच्या दोन खोल्यांत, सासूबरोबर राहायची. घर जवळच्या पनागरचं, शेतीभातीचं, मटाराचं. नवरा जगदीशभैया फौजेत ट्रक चालवायचा. मोठा हसरा माणूस; सुट्टीवर आला की गल्लीतल्या पोरांना ट्रकच्या हॉर्नचे आवाज तोंडाने काढून दाखवायचा. लढाई सुरू व्हायच्या आधी त्याचं पत्र आलं होतं. नंतर नाही. लढाई संपली, रेडिओवर गाणी लागली, सराफ्यात मिठाई वाटली, आणि पोस्टमन समोरच्या दारावरून रोज सायकल न थांबवता जात राहिला. भाभी त्या वेळेला नेमकी उंबऱ्यात मटार सोलायला बसायची. सायकल गेली की टोपली उचलून आत. सासू-सून दोघींनाही वाचता येत नव्हतं. आई विचारायची, "काही आलं का वो?" ती हसून मान हलवायची. त्या हसण्याकडे कोणी फार वेळ बघत नसे.

तिच्या कार्डावर मी पेरूचं पान ठेवलं, कडेने तीळ मांडले आणि लिहिलं : 'इस जाड़े में आपके घर चिट्ठी आए.'

आता ती गोष्ट. काच नीट बसत नसल्याने मी कागदाचा एक कोपरा अंगठ्याने दाबून धरत होतो. अंगठ्याखाली ऊन पोचायचं नाही. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या त्याच कोपऱ्यात अंगठ्याएवढा पांढरा धब्बा. एवढ्या सुंदर निळ्यात तो डाग मला सहन होईना. मी कात्री घेतली आणि सगळ्या कार्डांचा तो कोपरा तिरका उडवून दिला. लांब धरून पाहिलं. वा! मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं.

जबलपूरकडे मरणाची चिठ्ठी कोपरा फाडून यायची. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तिथेच जन्मलो, तिथेच वाढलो. गल्लीत असं कार्ड आलं की बाया ते घरात नेत नसत. बाहेरच कोणाकडून वाचून घेत, आणि वाचायच्या आधीच रडणं सुरू होई, कारण कोपऱ्याने सांगून टाकलेलं असे. लहानपणी मी स्वतः तसं एक कार्ड धावत शेजारी दिलं होतं आणि आईने मला दारातच आंघोळ घातली होती. सगळं माहीत होतं. फक्त त्या दुपारी माझ्या डोक्यात निळ्याशिवाय काही नव्हतं.

आणखी एक शहाणपणा. कार्डांवर नाव घातलं नाही. ओळखा पाहू कोण! आणि हाती द्यायचं सोडून टपालाने पाठवली, म्हणजे आपण गॅलरीत चहा घेऊन बसावं आणि खाली दारोदार उठणारं कौतुक ऐकावं.

भोगीच्या सकाळी मी तसाच बसलो होतो. आई आत तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होती. धुकं विरत होतं. पोस्टमन आला. समोरच्या दाराशी त्याने सायकल थांबवली. एरवी पत्र असलं की हा गल्लीच्या तोंडापासून ओरडायचा, चहा मागायचा. आज तो उतरला, पिशवीतून निळं कार्ड काढलं, कोणाच्या हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं, कपाळाला हात लावला आणि सायकल हातात धरून चालत गेला. बाकीच्यांची कार्डं त्या डाकेत नव्हतीच, ती दुपारच्या फेरीत आली.

मला वाटलं, थकला असेल.

भाभी मागच्या अंगणात पाणी भरत होती. कार्ड उचललं सासूने, म्हणजे अम्माने. तिने मजकुराकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यावरून बोट फिरवलं, आणि जो आवाज काढला तो मी इतक्या वर्षांत कितीदा सांगितला, कितीदा नक्कल करून दाखवली, पण तो तसा कधी निघाला नाही.

"हाय मोरे लल्ला!"

गल्ली धावली. मी चहाचा कप कठड्यावर ठेवून धावलो. खाली पोचलो तेव्हा भाभी मधोमध बसलेली होती, ओल्या हातांनी. रडत नव्हती. दोन बायांनी तिला खांद्याला धरलं होतं. कार्ड जमिनीवर होतं, पानाची पांढरी सावली वर करून, एक कोपरा नसलेलं. तेव्हा मला कळलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'हे माझं आहे.' पण समोर सगळी गल्ली, आणि गर्दीत रात्रपाळीवरून आलेले बाबा, डबा अजून हातात. मी मनाशी म्हटलं, थांब, कोणीतरी वाचेल, आपोआप उलगडेल. आपलं नाव तरी कुठे आहे त्याच्यावर? फॅक्टरीतल्या एका फिटरने चष्मा लावून कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं.

"बहुत महीन लिखा है. पढ़ा नहीं जाता." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "कागज तो सरकारी है. नक्शे वाला. पलटन के दफ्तर से आया होगा."

झालं. जी काही शंका होती तीही गेली. माझ्या बारीक अक्षरांनी आणि माझ्या लाडक्या निळ्याने त्या खोट्या बातमीवर सरकारी शिक्का मारला होता.

गल्लीतली एक विधवा चाची वरवंटा घेऊन आली. भाभीचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला. हातभर लाल बांगड्या होत्या, काचेच्या. भाभीने हात मागे ओढला नाही, एवढंच म्हणाली, "चाची, एक बार पढ़वा तो लो." कोणी ऐकलं नाही. पहिला घाव पडला. काच फुटल्याचा आवाज केवढासा असतो! भांडं पडल्याएवढाही नाही.

"नक्शा बताओ तो, किस जगह का है?" कोणीतरी फिटरला विचारत होतं.

आणि तेव्हा मी तोंड उघडलं. काय म्हणालो असेन?

"वो नक्शा नहीं है. पेरूचं पान आहे ते!"

अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आणि आवाजात, देवा, दुखावलेल्या कलावंताची चीड. जगदीशभैया जिवंत असेल, हे मी बोललो नाही. चूक माझी, हे बोललो नाही. माझ्या पानाला कोणी नकाशा म्हटलं, तेवढं मात्र सहन झालं नाही.

सगळे माझ्याकडे वळले. आईच्या हाताला पीठ होतं. ती तशीच खाली आली होती. माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं. तिने आधी चाचीच्या हातातला वरवंटा काढून घेतला, मग मोठ्याने म्हणाली, "मरा नाही कोणी! ये मेरे पोट्ट्याचा खेल है!" आणि मला, "बोल ना आता! मघापासून काहून मुका झाला होता?"

मग मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. अम्माने कार्डाला हात लावायला नकार दिला. बाबा डबा घेऊन वर गेले. पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. आईने भाभीच्या मनगटातली काच वेचली, रक्त पुसलं, आणि आपल्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून तिथल्या तिथे तिला चढवल्या. डाव्या हातात उरलेल्या लाल बांगड्यांत त्या दोन हिरव्या तशाच राहिल्या, कारण बाकीच्या काढायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आई तिळगूळ घेऊन समोर गेली. मला नेलं नाही. 'गोड बोला' म्हणायला मला तोंड तरी कुठे होतं?

महिना सरायच्या आत जगदीशभैयाचं पत्र आलं, चारही कोपरे शाबूत. होळीच्या सुमारास तो स्वतः आला. त्याला सगळं सांगितलेलं होतं. मी गच्चीवर लपलो, तर तो जिना चढून वर आला, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि खो खो हसला. "अरे भैया, दुश्मन नहीं मार सका, तुमने डाक से मार दिया! चलो, सुनाओ, कैसे मारा?"

आणि मी सांगितलं. तिथेच चूक झाली म्हणतो मी, दुसरी.

कारण गोष्ट हसवणारी निघाली. मग ती मी कँटीनमध्ये सांगितली, ड्रॉइंग ऑफिसात सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली. बदली होऊन नागपूरला गेलो तिथे सांगितली. सांगता सांगता ती घोटीव झाली. पोस्टमनची नक्कल आली, फिटरचा चष्मा आला, 'पेरूचं पान' या वाक्यावर थांबायचं किती ते ठरलं. माझा मूर्खपणा मी भरपूर वाढवला. स्वतःला हसणाऱ्या माणसाला लोक लवकर माफ करतात, हे मला फार आधी कळलं होतं. बांगड्या मात्र मी गाळत असे. तिथे हशा येत नसे.

तर गेल्या थंडीत त्या सिगडीच्या वासामागे मी समोरच्या दाराशी पोचलो. भाभी दारात उन्हाला बसली होती. केस पांढरे, मांडीवर परात, परातीत मटार. जगदीशभैया जाऊन काही वर्षं झाली, हे मला भाचीकडून कळलं होतं. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "या भैया. लई वर्सांनी आले."

आईने शिकवलं होतं म्हणे. त्या भोगीनंतर दोघी रोज दुपारी एकत्र बसायच्या, आई तिथे होती तोवर. मला हे कधीच कळलं नव्हतं. मी कधी विचारलं होतं?

आतून तिची नातवंडं आली, सुना आल्या. खुर्ची आली, चहा आला. एका नातवाने विचारलं, "दादी, ये वही हैं? नीले कार्ड वाले?" मला काय हवं होतं आणखी? मी सुरू झालो. पोस्टमन केला, फिटर केला. पानाच्या वाक्याला ठरल्याप्रमाणे थांबलो. पोरं हसून लोळली. एक सून पदर तोंडाला लावून आत पळाली.

भाभी मटार सोलत होती. हसणं ओसरल्यावर मी सवयीने तिच्याकडे पाहिलं. दाद घ्यायला. तिने एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"चांगली सांगता भैया," ती म्हणाली. "चुड्या माझ्या फुटल्या, अन् गोष्ट मात्र तुमची होऊन राहिली."